मुठीत मावणारा उष्णतेचा डोळा

२०२० सालच्या साथीत दुकानाच्या, कचेरीच्या, देवळाच्या दाराशी उभा असलेला रखवालदार आपल्या कपाळासमोर पिस्तुलासारखे एक यंत्र धरी आणि अंगाला स्पर्श न करता आपला ताप सांगे, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. त्या यंत्राच्या तोंडाशी वाटाण्याएवढा एक संवेदक असतो. समोरच्या एका जागेवरून येणारी उष्णता तो मोजतो आणि यंत्र आकडा दाखवते. आता असे ७६८ बारीक संवेदक २४ ओळींत, दर ओळीस ३२ याप्रमाणे, खेटून मांडले, आणि प्रत्येकाच्या आकड्याऐवजी पडद्यावर एकेक रंगाचा ठिपका उमटवला, तर आकडा जाऊन त्याच्या जागी चित्र उभे राहील. समोरच्या माणसाचे, भिंतीचे, तव्याचे, कोनाड्यात निजलेल्या मांजराचे चित्र. पण प्रकाशाने काढलेले नव्हे, उष्णतेने काढलेले. ही कविकल्पना नाही. असा ७६८ डोळ्यांचा संवेदक नखाएवढ्या धातूच्या डबीत बसवलेला आज बाजारात मिळतो. त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात ती हिशेब करणारी चकती, एक लहान पडदा आणि एक बॅटरी जोडून कॉलेजातील मुले घरच्या टेबलावर खिशात मावेल असा कॅमेरा तयार करतात.

श्रोतेहो, या कॅमेऱ्याची वंशावळ आज आपल्यापुढे मांडावयाची आहे. हे यंत्र युद्धाचे अपत्य आहे, असे सामान्यतः सांगण्यात येते. ते अर्धेच खरे आहे. युद्धखात्यांनी ज्या उष्णतादर्शक यंत्रांवर पैसा ओतला, त्यांपैकी बहुतेकांचा वंश आपल्या मुठीपर्यंत पोहोचलेलाच नाही. आपल्या हाती आला तो एकोणिसाव्या शतकातील दोन सोशिक, काजळी फासलेल्या उपकरणांचा वंश. ती उपकरणे कोणती, आणि ती हाती आल्याने काय बिघडले, काय साधले, ते पाहू.

आरंभ एका वादकापासून करावा लागतो. विल्यम हर्शेल हा मूळचा हॅनोव्हरचा. लष्करी बँडमध्ये ओबो वाजवणारा हा तरुण इंग्लंडात आला, बाथ गावी ऑर्गनवादक झाला, आणि दुर्बिणीचे आरसे स्वतःच्या हाताने घासता घासता १७८१ साली त्याने युरेनस हा ग्रह शोधून काढला. पुढे तो स्लाउ येथे राहू लागला. सूर्याचे निरीक्षण करताना डोळ्यांचे रक्षण व्हावे म्हणून तो रंगीत काचा वापरी. त्याच्या ध्यानात आले की, काही काचांतून उजेड पुष्कळ येतो पण ऊब थोडी. आणि काहींतून उजेड थोडा येऊनही डोळा भाजतो. दुसरा कोणी असता तर काच बदलून मोकळा झाला असता. हर्शेलने लोलक घेतला, उन्हाचे सात रंग टेबलावर पाडले, तापमापकांच्या गोळ्यांना काळा रंग दिला आणि रंगारंगांतील ऊब मोजली. जांभळ्यात पारा फॅरनहाइटच्या मापाने सुमारे २ अंश चढला, हिरव्यात सव्वातीन, तांबड्यात जवळजवळ ७. ही गोष्ट १८०० सालची. हर्शेलची साठी तेव्हा उलटली होती.

शालेय पुस्तकांत पुढची हकीकत अशी असते की, तांबड्याच्या पलीकडे अंधारात सहज ठेवलेला एक तापमापक अकस्मात चढू लागला आणि शोध लागला. गोष्ट गोड आहे, पण हर्शेलवर अन्याय करणारी आहे. बाजूस ठेवलेले तापमापक खोलीची ऊब ताडून पाहण्यासाठी होते. जांभळ्याकडून तांबड्याकडे ऊब वाढतच जाते, मग ती तांबड्याशीच का थांबावी, असा प्रश्न त्याने मनाशी घातला, आणि मग मुद्दाम, अर्ध्या अर्ध्या इंचाने, तापमापक अंधाराच्या बाजूस सरकवला. सर्वांत जास्त ऊब त्याला रंग संपल्यानंतर सापडली. आज आपण ज्यांस अवरक्त किरण म्हणतो ते हेच. गंमत अशी की, पुढच्या निबंधांत खुद्द हर्शेलच साशंक झाला आणि प्रकाश व उष्णता या दोन भिन्न वस्तू असाव्यात, असे म्हणू लागला. शोध लावणाऱ्यालाच आपल्या शोधाचा अर्थ पुरता उमगतो असे नाही.

उष्णतेचे पहिले चित्र त्याच्या मुलाने, जॉन हर्शेलने, १८४० साली काढले. त्याने पातळ कागदाची एक बाजू धुराने काळी केली, कागद मद्यार्कात भिजवला आणि त्यावर लोलकातून आलेले ऊन पाडले. जेथे उष्ण किरण पडले तेथला मद्यार्क आधी उडाला आणि कागदावर फिके डाग उमटले. मद्यार्क सगळा उडाला की चित्रही उडाले. पण काही क्षण का होईना, न दिसणारी ऊब कागदावर दिसली होती.

आता ती दोन उपकरणे. पहिले थर्मोपाइल. १८२१ साली सीबेक या शास्त्रज्ञाने असे दाखवले होते की, दोन भिन्न धातू टोकाशी जोडून एक सांधा तापवला व दुसरा गार ठेवला, तर मंडलात विजेची हालचाल होते. एका सांध्याची वीज नगण्य; पण अँटिमनी आणि बिस्मथच्या बारीक कांड्या एकापुढे एक जोडून पुष्कळ सांध्यांची माळ केली की तिची बेरीज मोजण्याजोगी होते. नोबिली आणि मेलोनी या इटालियन जोडीने अशी माळ बनवली. मेलोनी हा पार्मा येथील प्राध्यापक, १८३० च्या सुमारास राजकीय चळवळीत पडल्यामुळे देशाबाहेर गेलेला. परदेशात राहून त्याने हे उपकरण इतके तिखट केले की, सुमारे ३० फुटांवर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाची ऊब त्याला कळे. त्याच मेलोनीने आणखी एक गोष्ट दाखवून दिली, तिचा पुढे उपयोग आहे. आपल्या डोळ्यांना काच पारदर्शक, पण माणसाच्या ऊबेला ती भिंतीसारखी. उलट सैंधवाचा, आपल्या उपासाच्या मिठाचा, स्वच्छ खडा या किरणांना बिनतक्रार वाट देतो. म्हणून उष्णतेच्या कॅमेऱ्याचे भिंग काचेचे चालत नाही. आज ते बहुधा जर्मेनियम किंवा सिलिकॉन या मूलद्रव्यांचे करतात. जर्मेनियमचे भिंग हाती घेतले तर ते आरशासारखे चमकते आणि त्यातून पलीकडचे काहीच दिसत नाही. ऊब मात्र त्यातून सुखेनैव जाते.

दुसरे उपकरण बोलोमीटर. त्याचा कर्ता अमेरिकन ज्योतिषी सॅम्युएल लँग्ली. पिट्सबर्गजवळच्या अ‍ॅलेगनी वेधशाळेत १८८० च्या सुमारास त्याने केसासारख्या बारीक, काजळी फासलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्या घेतल्या. धातू तापला की त्यातून वीज वाहण्यास होणारा अडथळा वाढतो. एक पट्टी किरणांत, दुसरी आडोशाला; दोहोंच्या अडथळ्यांतील फरक मोजला की किरणांची उष्णता कळली. अंशाच्या लाखाव्या भागाइतका फरक या पट्टीला जाणवे. सुधारलेल्या यंत्राबद्दल असे सांगत की, पाव मैलावर चरणाऱ्या गायीची ऊब त्याला लागते. लँग्लीचे नाव लोकांच्या स्मरणात राहिले ते मात्र वेगळ्याच कारणाने. १९०३ साली त्याचे विमान दोनदा पोटोमॅक नदीत कोसळले आणि दुसऱ्या आपटीनंतर नऊ दिवसांनी राइट बंधू उडाले. ज्या कामात तो हरला ते सर्वांना माहीत, ज्यात जिंकला ते फारसे कोणास नाही.

या दोन्ही उपकरणांची रीत एकच, आणि ती फार साधी आहे. स्वतः थोडे तापावयाचे, आणि आपण किती तापलो ते सांगावयाचे. तव्यावर हात धरून भाकरी टाकावी की नाही हे ठरवणाऱ्या आईची रीत याहून निराळी नाही. दोष एवढाच की तापायला वेळ लागतो. आणि विसाव्या शतकाला वेळ नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात अंधारात पाहण्याची जी साधने रणांगणावर आली, ती खरे तर उष्णता पाहणारी नव्हतीच. १९४५ साली ओकिनावाच्या लढाईत अमेरिकन सैनिकांच्या बंदुकीवर जी दुर्बीण होती, तिच्यासोबत अदृश्य किरणांचा दिवा न्यावा लागे. तो परावर्तित उजेडच पाही. शत्रूच्या स्वतःच्या ऊबेवरून त्याला पाहावयाचे, तर क्षणात प्रतिसाद देणारा पदार्थ हवा होता. तसे पदार्थ युद्धानंतर मिळाले. त्यांतील पारा, कॅडमियम आणि टेल्यूरियम यांचा संयोग १९५९ साली इंग्लंडात माल्व्हर्न येथील रडार संस्थेत सिद्ध झाला. परंतु या पदार्थांची एक अट होती. त्यांना स्वतःला अतिशय गार ठेवावे लागे, बहुधा द्रवरूप नायट्रोजनने, म्हणजे शून्याखाली १९६ अंशांपर्यंत. कारण उघड आहे. ऊब पाहणारा डोळा स्वतःच ऊबदार असला, तर तो आपल्याच ऊबेने दिपून जाईल.

या थंडीने ही विद्या पुढारली आणि तिनेच तिला जखडूनही टाकले. स्वीडनच्या आगा कंपनीने १९६५ साली विजेच्या तारांची तपासणी करण्यासाठी पहिला विक्रीयोग्य उष्णता-कॅमेरा काढला. सैल सांधा तापतो. तो जळण्यापूर्वी दिसावा, हा हेतू. त्याच कंपनीच्या १९६९ सालच्या कॅमेऱ्याचे वजन पाहा: कॅमेरा २५ किलो, चित्र दाखवणारे यंत्र २० किलो, तिकाटणे १५ किलो. शिवाय वीज पुरवणारे जनित्र आणि १० लिटर द्रवरूप नायट्रोजनचे भांडे. असले यंत्र मुठीत येणे शक्य नव्हते. त्याला बैलगाडी हवी!

सुटका झाली ती मागे वळल्यामुळे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील हनीवेल कंपनीत अँड्र्यू वुड आणि त्यांचे सहकारी युद्धखात्यासाठी गुप्तपणे काम करीत होते. थंड करण्याची गरजच नसलेला कॅमेरा त्यांना हवा होता, आणि त्यासाठी त्यांनी लँग्लीची पट्टी पुन्हा हाती घेतली. फरक आकाराचा. सिलिकॉनच्या चकतीवर त्यांनी असंख्य सूक्ष्म चौरंग कोरून काढले. एकेक चौरंग मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा, त्याची जाडी मिलिमीटरच्या दोनहजाराव्या भागाएवढी, आणि तो बारीक पायांवर तळापासून अधांतरी उचललेला. चौरंगावर व्हॅनेडियम ऑक्साइडचा पातळ थर. हा पदार्थ अंशभर तापला की त्याचा विद्युत्-अडथळा सुमारे दोन टक्क्यांनी बदलतो. पाय बारीक यासाठी की चौरंगावर आलेली ऊब तळाशी झिरपू नये. आणि सभोवती निर्वात, म्हणजे हवेनेही ती चोरू नये. इतक्या हलक्या वस्तूला तापायला आणि निवायला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. लँग्लीच्या रीतीचा संथपणा वस्तू लहान करताच आपोआप नाहीसा झाला. असे २४० ओळींत ३३६, म्हणजे ८०,६४० चौरंग एका चकतीवर मांडले गेले, आणि नायट्रोजनचे भांडे सुटले. हे काम १९९२ साली गुप्ततेतून बाहेर काढण्यात आले आणि इतर कंपन्यांना परवाने मिळाले. युद्धखात्याने पैसा दिला हे मान्य केलेच पाहिजे. पण सापडली ती वाट शंभर वर्षांपूर्वीच्या वेधशाळेतली होती, हेही तितकेच खरे.

मेलोनीच्या माळेचे असेच झाले. तिचे सांधे सिलिकॉनवर कोरता येऊ लागले, आणि आपल्या कपाळासमोर धरलेल्या पिस्तुलात जे बसले ते तेच. आरंभी सांगितलेला ७६८ ठिपक्यांचा संवेदक बेल्जियमच्या मेलेक्सिस कंपनीचा, तोही थर्मोपाइलचाच. बोलोमीटरच्या घराण्यातला, ८० गुणिले ६० ठिपक्यांचा, लहान नाण्याहून लहान संवेदक अमेरिकेच्या फ्लिर कंपनीने २०१४ साली आणला. थर्मोपाइल स्वस्त व काटक, पण मंददृष्टी. बोलोमीटर महाग, पण तीक्ष्ण. घरी कॅमेरा करू पाहणाऱ्याने आपल्या खिशाकडे पाहून निवड करावी.

आता मायक्रोकंट्रोलर. स्मरण, गणित आणि बाहेरच्या तारांशी बोलणे ही तिन्ही कामे एकाच चकतीत करणारा हा कारकून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने १९७४ साली बाजारात आणला. कॅमेऱ्यातले त्याचे काम पाहण्यासारखे आहे. संवेदकाकडून दोन तारांवरून त्याला आकडे मिळतात, पण ते कच्चे. प्रत्येक ठिपक्याचा स्वभाव किंचित निराळा. कारखान्यात तो तपासून संवेदकाच्याच स्मृतीत लिहून ठेवलेला असतो. कारकुनाने तो वाचावयाचा, संवेदकाची स्वतःची ऊब वजा करावयाची, आणि मग स्टेफानने १८७९ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे, वस्तूचे किरण तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताने वाढतात म्हणून, उलट चतुर्थमूळ काढावयाचे. हे ७६८ वेळा, आणि सेकंदातून अनेकदा. नंतर ठिपक्यांमधल्या जागा शेजाऱ्यांच्या सरासरीने भरून काढावयाच्या आणि गारास निळा, मध्यमास तांबडा, उष्णास पिवळा-पांढरा असे रंग द्यावयाचे. हे रंग खोटे आहेत, हे विसरू नये. ऊबेला रंग नसतो. तो आपण आपल्या सोयीसाठी दिला.

एक सावधगिरी या रंगांपेक्षाही महत्त्वाची आहे. चिंचेने घासून लखलखीत केलेला तांब्याचा बंब पेटवा, आतले पाणी उकळू द्या, आणि हा कॅमेरा त्यावर रोखा. बंब गार दिसेल. चकचकीत तांबे स्वतःची ऊब फारच थोडी फेकते आणि समोरच्या भिंतीची ऊब आरशासारखी परतवते. त्याच बंबाचा धुराने काळवंडलेला भाग मात्र खरे तापमान सांगेल. तापमापकाची गोळी काळी करताना हर्शेलला जे उमगले होते, ते आजच्या कॅमेरा करणाऱ्याला बंबाला काळी चिकटपट्टी लावून पुन्हा शिकावे लागते. हे यंत्र विकत घेऊन भिंतीतली ओल, गळती, सैल सांधे शोधू पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना ही गोष्ट कोणी सांगत नाही, आणि मग ते यंत्राला दोष देतात.

गुप्ततेची एक खूण या कॅमेऱ्यांवर अजून उरलेली आहे. यांतले पुष्कळ स्वस्त कॅमेरे सेकंदास नऊहून अधिक चित्रे देत नाहीत. अडचण यंत्राची नाही. त्याहून जलद कॅमेऱ्याच्या निर्यातीवर कडक निर्बंध आहेत, कारण जलद चित्र शस्त्राला जोडता येते.

राहता राहिला तो प्रश्न, ज्यासाठी हा सगळा इतिहास सांगण्याचा खटाटोप केला. ज्या १९९२ साली हनीवेलचे गुपित उघड झाले, त्याच वर्षी १६ जानेवारीच्या पहाटे, ओरेगन राज्यातील फ्लॉरेन्स गावी दोन सरकारी माणसे मोटारीत बसून रस्त्यापलीकडच्या एका घराकडे उष्णता-कॅमेरा रोखून होती. कॅमेरा अजेमा कंपनीचा, म्हणजे त्या स्वीडिश आगाच्याच शाखेचा. डॅनी कायलो या गृहस्थाच्या घरातील गॅरेजचे छप्पर आणि एक भिंत शेजारच्या घरांहून अधिक तापलेली दिसली. आत प्रखर दिव्यांखाली गांजाची लागवड असावी, असा तर्क बांधला गेला. त्यावरून आणि इतर पुराव्यांवरून झडतीचे वॉरंट मिळाले, आणि शंभराहून अधिक रोपे सापडली. तर्क खरा ठरला. पण वॉरंटाच्या आधी घराकडे असे पाहणे हीच एक झडती नव्हे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा कॅमेरा भिंतीतून आरपार पाहत नाही. तो भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग किती तापला तेवढेच पाहतो. अल्पमतातील न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी यावरच बोट ठेवले. घराबाहेर आलेली ऊब ही रस्त्यावरच्या कोणाचीही. बर्फ एका छपरावर लवकर वितळला तर शेजाऱ्यालाही तो तर्क करता येतो. न्यायमूर्ती स्कॅलिया यांना हे पटले नाही. ऊबेवरून घरातली बाई रात्री कोणत्या वेळी स्नान करते हेही ताडता येईल, आणि घराच्या आत खासगी नाही असे काहीच नसते, अशी त्यांची भूमिका. ११ जून २००१ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: वॉरंटाशिवाय असे पाहणे ही बेकायदा झडती होय.

पण निकालाच्या शब्दांत एक अट होती. जे साधन सर्वसामान्य लोकांच्या वापरात नाही, अशा साधनाने सरकारने घराच्या आतले ताडले, तर ती झडती. स्टीव्हन्स यांनी आपल्या भिन्न मतपत्रिकेत तेव्हाच विचारले होते की, साधन जसजसे लोकांच्या हाती जाईल तसतसा घराला धोका वाढणार, आणि या नियमाने नेमके तेव्हाच घराचे संरक्षण कमी होणार, हे उलटे नव्हे काय? उष्णता-कॅमेरे त्या वेळीही भाड्याने मिळत, हेही त्यांनी नोंदवले. एका बाजूस तपासणीवाचून जळणारे विजेचे सांधे, आगीत धुराआड अडकलेली माणसे, भिंतीत मुरणारे पाणी. या सर्वांसाठी कॅमेरा स्वस्त व्हावा आणि प्रत्येकाच्या हाती यावा असेच कोणीही म्हणेल. दुसऱ्या बाजूस त्या न्यायालयाने घराभोवती आखलेली रेषा त्याच स्वस्ताईने पुसट होते. मला स्वतःला स्टीव्हन्स यांचा भिंतीविषयीचा युक्तिवाद पटत नाही, त्यांची ही भीती मात्र पटते.

निकालानंतर तेरा वर्षांनी, २०१४ साली, मोबाइल फोनच्या पाठीला बसवावयाचा उष्णता-कॅमेरा अमेरिकेतील बाजारात विक्रीस आला.